तीन शिट्ट्यांपुरतं वचन

माझ्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याच्या बरोबर वर, भिंतीला एक वही टांगलेली आहे. तारेची शिवण, बावन्न जाड पानं, कॅलेंडरसारखी उलटायची. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात एक साधी घरगुती पाककृती असते. खालच्या अर्ध्यात बायबलमधला एखादा प्रसंग किंवा कुणा ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यातली गोष्ट आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना. आठवड्याला एक पान. महाराष्ट्रातल्या एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिलांनी मिळून ती काढली आणि माझ्या भाचीने मला नगरहून इंदूरला पाठवली. किंमत १८० रुपये, टपालखर्च वेगळा. नोव्हेंबरच्या शेवटापासून वापरते आहे, निम्म्याहून जास्त पानं रांधून झाली आहेत, म्हणून आता लिहायला बसले.

मी डबे करते. नवलख्याला घर आहे, भंवरकुआंच्या क्लासेसना येणारी मुलं आसपास खोल्या घेऊन राहतात, त्यांचे सकाळी अठरा आणि संध्याकाळी अठरा डबे माझ्याकडून जातात. घरात आम्ही तिघं: मी, हे आणि त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. आईंना आता मोठी अक्षरंच तेवढी दिसतात, पण कान शाबूत आहेत. त्या नगरच्या, तिथल्या मराठी मंडळीत वाढलेल्या. लग्न होऊन इंदूरला आल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक मराठी बायबल होतं, तेच आजही घरात आहे. इथे आमची उपासना हिंदीतून होते. तीही मनापासून ऐकते मी, पण घरातली प्रार्थना मात्र मराठीतच. इंदुरात मराठी ख्रिस्ती वाचन हाताशी मिळणं सोपं नाही, त्यामुळे वही हातात पडली तेव्हा आधी मी नुसतीच चाळत बसले, पाककृतींकडे लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मसूर भिजत घातला आणि पान वाचताना खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांतली एक ओळ दिसली: ‘वाचन: कुकरच्या तीन शिट्ट्यांपुरतं.’ पुढच्या पानावर ‘कणीक मुरेपर्यंत’. त्याच्या पुढच्यावर ‘दूध आटेपर्यंत, ढवळता ढवळता’. ज्या कुणा बाईला हे सुचलं तिला मी ओळखत नाही, पण तिने स्वतः रोज दोन वेळचा स्वयंपाक केलेला असणार हे मला त्या एका ओळीवरून कळलं.

याआधी मी मननाची पुस्तकं घेतली नव्हती असं नाही. चांगली होती ती. उशाशी ठेवायची, रात्री साडेदहाला ओटा पुसून आडवं व्हायचं, दुसऱ्या ओळीवर डोळा लागायचा. सकाळी पाचला उठल्यावर वाचावं तर अठरा डब्यांची भाजी चिरायची असते. वर्षानुवर्षं मनात एक टोचणी होती की मी वचनाला, म्हणजे बायबल वाचायला, वेळ देत नाही. या वहीने वेळ मागितलाच नाही. स्वयंपाकात जी दहा-बारा मिनिटं नुसती उभं राहण्यात जातात, तीच तिने घेतली. मध्यम आचेवर माझ्या पाच लिटरच्या कुकरला तीन शिट्ट्या व्हायला बारा मिनिटं लागतात. मसुराचं पान मी आईंना मोठ्याने वाचून दाखवलं, सात मिनिटं लागली. उरलेली पाच मिनिटं आम्ही दोघी गप्प बसलो होतो. तशी पाच मिनिटं मला किती वर्षांत मिळाली नव्हती.

या वहीची खरी किंमत मला इथे वाटते, म्हणून हे आधी सांगितलं. आता पानांकडे येते, कारण सगळीच पानं सारख्या मनाने केलेली नाहीत.

मसुराचं पान म्हणजे याकोब आणि एसाव. शिकारीहून दमूनभागून आलेला थोरला भाऊ धाकट्याच्या हातच्या लाल आमटीसाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क देऊन टाकतो. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात आमटी मसुराचीच आहे, भाकरीबरोबर दिलेली, त्यामुळे मसूर घेतला ते बरोबर. पण पानावर अख्खा मसूर, टोमॅटो, लाल तिखट आणि गोडा मसाला घालून वर म्हटलंय की याकोबाच्या घरी अशीच आमटी शिजली असेल. मिरची आणि टोमॅटो अमेरिकेतून आले, पंधराव्या शतकानंतर. याकोबाच्या चुलीवर ते कुठून असणार? आमटी उत्तम होते, मी तीनदा केली, मुलांनी डबे चाटूनपुसून परत पाठवले. तेवढं वाक्य खोडलं असतं तर पान निर्दोष होतं. शिवाय अख्खा मसूर शिजून तपकिरी होतो, डाळ पिवळी होते. त्या लाल रंगावर आईंनी आणि मी बराच वेळ खल केला. आई म्हणाल्या, ‘अगं, भुकेल्याला रंग दिसतो का? त्याला वाफ दिसते.’

आता दुधीचं पान. याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचंच आहे.

पान १९. वर दुधी आणि मुगाच्या डाळीची पातळ भाजी, खाली अलीशा संदेष्ट्याची गोष्ट. गिलगालात दुष्काळ पडलेला असतो. संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठी मोठा हंडा चुलीवर चढवलेला असतो. एक जण रानात भाजी शोधायला जातो, कुठल्याशा रानवेलीची फळं ओटीत भरून आणतो आणि ती काय आहेत हे न कळता हंड्यात चिरून टाकतो. लोक तोंड लावतात आणि ओरडतात की हंड्यात मरण आहे. अलीशा पीठ मागवतो, हंड्यात टाकतो आणि मग ते कालवण सगळे खातात. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात चौथ्या अध्यायाच्या शेवटी आहे हे. पाककृतीतही शेवटी चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून भाजीला लावायला सांगितलंय. जोडी इतकी सुरेख जमलीय की वाचताना मला त्या अनोळखी बाईचं कौतुक वाटलं. पिठाने भाजी अंगासरशी येते, डब्यात पाणी सुटत नाही. डबेवालीला याहून मोठी सोय नाही.

पण त्या पानावर एक ओळ राहिली आहे, आणि ती राहायला नको होती. दुधी चिरण्याआधी चाखून बघा, ही ती ओळ.

त्या आठवड्यात मी चोइथराम मंडीतून चार दुधी आणले होते. हिरवेगार, कोवळे, नखाने साल निघेल असे. दुधीच्या दोन्ही टोकांची पातळ चकती कापून जिभेला लावायची ही माझ्या माहेरची सवय. पहिला गोड, दुसरा गोड. तिसऱ्याची चकती जिभेला लागली आणि कडुनिंबाची काडी चावल्यासारखं तोंड झालं. बाहेरून काही म्हणजे काही फरक नव्हता. मी तीनदा चूळ भरली तरी घशापर्यंत कडू. चारही दुधी एकत्र किसून घेतले असते तर अख्खं पातेलं, म्हणजे अठरा मुलांचं जेवण, त्या एकाने नासवलं असतं. आणि नुसतं नासवलं असतं तरी परवडलं. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. कडू दुधीचा रस प्यायल्याने जोराच्या उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत, काही दगावलीही आहेत. शिजवल्याने ते विष जात नाही. मीठ, साखर, दही, पीठ, कशानेही जात नाही. फेकून द्यायचा, गाईलाही घालायचा नाही.

मी दुधी कचऱ्यात टाकला आणि आईंना गोष्ट वाचून दाखवली. त्या ओट्याजवळ खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या. हंड्यातल्या मरणाचं वाक्य आलं तशा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे त्या पोरालाही कुणी चाखायला शिकवलं नव्हतं.’ मला ते फार लागलं. गोष्टीत त्या शिष्याने काही वाईट मनाने आणलं नव्हतं. भुकेल्या लोकांसाठी रानभर हिंडून आणलं होतं. अन्न रांधून दुसऱ्याला घालणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ही जबाबदारी असते. माझ्यावर अठरा आयांच्या मुलांची आहे. अलीशाने पीठ टाकलं ते त्या दिवशीचं देवाचं काम होतं. माझ्या ओट्यावर देवाने मला जीभ दिली आहे, ती आधी वापरायची.

वहीच्या मागे दिलेल्या नंबरवर मी फोन केला. ज्या ताई बोलल्या त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि पुढच्या छपाईत ओळ घालू म्हणाल्या. ज्यांच्याकडे आताची वही आहे त्यांनी एकोणिसाव्या पानावर पेनने मोठ्या अक्षरात ‘आधी चाखा’ असं आजच लिहून टाका. मी लाल पेनने लिहिलंय.

दुसरी तक्रार दानीएलाच्या पानाबद्दल. दानीएल आणि त्याचे तीन सोबती बाबेलच्या राजाच्या ताटातलं अन्न नाकारतात, दहा दिवस फक्त भाज्या आणि पाणी घेतात, आणि दहा दिवसांनी इतरांहून तजेलदार दिसतात. पाककृती साधी आहे, पाच भाज्यांची वाफवलेली भाजी, वर ओलं खोबरं. चांगली लागते. पण खाली लिहिलंय की हे दहा दिवस केल्याने रक्तातली साखर उतरते. ह्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. ह्यांनी ते वाक्य वाचलं आणि मला विचारलं, ‘मग गोळी बंद करून बघू का दहा दिवस?’ मी नाही म्हटलं म्हणून ठीक. सगळ्या घरांत नाही म्हणणारं कुणी असेलच असं नाही. दानीएलाची गोष्ट परक्या देशात, परक्या राजाच्या ताटाशी बसूनही आपला विश्वास न सोडण्याची आहे. तिला औषधाच्या बाटलीवरचं लेबल लावायला नको. फोनवर हेही सांगितलं.

आता मनापासून आवडलेलं. खमिराचं पान.

येशू म्हणतो, स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे. एका बाईने ते घेतलं आणि तीन मापं पिठात लपवलं, आणि सगळं पीठ फुगून आलं. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात हा सगळा दाखला एकाच वचनात आहे. मी लहानपणापासून ऐकत आले, पण तीन मापं म्हणजे किती हे कधी मनात आलं नव्हतं. पानावर लिहिलंय की आजच्या हिशेबात हे पीठ पंचवीस किलोच्या आसपास भरेल. अब्राहामाच्या तंबूशी तीन पाहुणे आले तेव्हा सारेलाही तीनच मापं पीठ मळायला सांगितलं होतं, ही आठवणही तिथे करून दिली आहे. मी आठवड्याला वीस किलो कणीक मळते. वाचलं आणि परातीवरचे हात थांबले. ती बाई चार पोळ्या लाटणारी नव्हती. ती माझ्यासारखी पुष्कळांचं करणारी होती. इतक्या उपासना ऐकल्या, इतक्या वेळा हे वचन कानावर पडलं, पण हे मला पोळपाटाशी कळायचं होतं.

त्या पानावरचा पाव मी दोन ऋतूंत केला. तीन वाट्या मैदा (मी निम्मी कणीक घेते), एक चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा साखर, पाऊण चमचा मीठ, सव्वा वाटी कोमट पाणी, दोन चमचे तेल. दहा मिनिटं चांगलं तिंबायचं, झाकून ठेवायचं, दुप्पट झालं की हवा काढून गोळे करायचे, पुन्हा फुगू द्यायचे आणि जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून, वर झाकण ठेवून भाजायचे. ओव्हन नसलेल्यांसाठी पद्धत दिली आहे हे फार बरं केलं. पण ‘एक तासात पीठ दुप्पट’ असं ठामपणे लिहिलंय. जानेवारीत इंदूरला थंडी कडाक्याची असते, माझं पीठ तीन तास तसंच बसून होतं. शेवटी मोठ्या पातेल्यात गरम पाणी घालून त्यावर परात ठेवली, वर घोंगडी टाकली, तेव्हा कुठे आलं. मे महिन्यात तेच पीठ चाळीस मिनिटांत परातीबाहेर डोकावलं. घड्याळाकडे न बघता पिठाकडे बघायचं. बोटाने दाबलं आणि खळगा हळूहळू भरून आला तर झालं. आमच्या इथल्या जिलेबीवाल्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. रात्री आंबवायला ठेवलेलं पीठ थंडीत किती आणि उन्हाळ्यात किती वेळ ठेवायचं ते त्यांच्या हाताला माहीत असतं. सकाळी पोह्यांबरोबर आपण जी जिलेबी खातो तीही खमिराचीच.

मापांचं एक सांगायला हवं. वहीत सगळीकडे ‘वाटी’ आहे, पण वाटी केवढी ते कुठेच नाही. माझी आमटीची वाटी १५० मिलीची, आईंच्या नगरच्या जुन्या पितळी वाटीत २०० मिली मावतं. भाजी-आमटीत चालून जातं. नाताळच्या केकला मात्र माझा पहिला घाणा मध्ये बसला आणि सोड्याचा वास आला, कारण मैद्याची वाटी लहान आणि सोड्याचा चमचा मोठा झाला. दुसऱ्यांदा सोडा निम्मा केला तेव्हा जमला. नाताळच्या फराळाची पानं, म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, ही मात्र अचूक आहेत. करंजीच्या पिठात मोहन मुठीत धरलं की मुटका वळला पाहिजे अशी खूण दिली आहे. अशी खूण दिली की वाटी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही.

वहीची सुरुवात जानेवारीपासून नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून आहे, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार धरून. मला हे आवडलं. पण पानांवर तारखा नाहीत, नुसते आठवड्यांचे आकडे, म्हणजे वही दर वर्षी पुन्हा वापरता यावी. विचार चांगला आहे, तरी पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, सरकत असतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला आला, २०२५ मध्ये २० एप्रिलला. वीस दिवसांचा फरक. त्यामुळे त्याआधीच्या उपवासकाळाची पानं आकड्यांप्रमाणे गेलात तर चुकतात. मी झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) पानाला कपड्याचा चिमटा लावून ठेवते आणि त्या हिशेबाने पुढेमागे करते.

बायबलबाहेरची वाचनं थोडी आहेत, नऊ-दहा. त्यांत ब्रदर लॉरेन्सचं पान मी सर्वांत जास्त वेळा वाचलं असेन. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात हे धर्मबंधू स्वयंपाकघरात काम करायचे. आधी सैनिक होते, पायाने अधू झालेले. स्वयंपाकाची त्यांना मुळात नावड होती, तरी वर्षानुवर्षं तेच काम केलं आणि भांड्यांच्या खणखणाटातही देव तितकाच जवळ आहे असं मानून केलं. १६९१ मध्ये वारले. त्या पानावरची पाककृती आहे साध्या पिठल्याची. फ्रान्सच्या मठात पिठलं नव्हतं हे उघड आहे, पण इथे कुणी तसा दावा केलेला नाही. नुसतं लिहिलंय, ‘कंटाळा आलेल्या दिवसासाठी.’ एक वाटी बेसन, साडेतीन वाट्या पाणी, लसणाची फोडणी. पीठ आधी पाण्यात कालवून घ्यायला सांगितलंय, म्हणजे गुठळ्या फोडत बसायला नको. ज्या दिवशी पाठ भरून येते आणि संध्याकाळचे डबे नकोसे होतात, त्या दिवशी मी हे पान उघडते. नावड असूनही एक माणूस हे करत राहिला, एवढं वाचलं तरी हात चालायला लागतात.

पंडिता रमाबाईंच्या पानावर तांदळाची पेज आहे. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशनचं काम उभं राहिलं. मध्य प्रांताचा बराचसा भाग म्हणजे आजचा आमचा मध्य प्रदेश. शाळेत रमाबाई शिकताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बायबलचं मराठी भाषांतरही केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये बाहेर आलं. एवढं सगळं एका पेजेच्या पातेल्याशेजारी, चार परिच्छेदांत. हे वाचन ‘तांदूळ फुटेपर्यंत’ आहे. मी मुद्दाम आच मंद ठेवली.

सारफथच्या विधवेच्या पानाबद्दल लिहिताना हात जड होतो. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल आणि दोन काटक्या. शेवटची भाकरी करून मुलाबरोबर खायची आणि मरायचं, अशी तिची तयारी. तिथे एलीया संदेष्टा येतो आणि आधी मला कर म्हणतो. ती करते, आणि मडक्यातलं पीठ सरत नाही. पाककृती आहे मूठ-मूठ उरलेल्या पिठांच्या थालीपिठाची. डब्याच्या तळाशी जे असेल ते: ज्वारी, बेसन, कणीक, तांदूळ, एक कांदा. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा माझे चोवीस डबे होते. मुलं गावी गेली आणि आठवड्यात ते शून्यावर आले. एक मुलगा अडकला होता, बऱ्हाणपूरचा, त्याला जाता आलं नाही. आमच्या घरचे तीन आणि त्याचा एक, असे चार घास जून उजाडेपर्यंत निघाले. कसे निघाले ते आजही मला नीट मांडता येत नाही. डब्यात पीठ होतं एवढंच आठवतं. हे पान आईंना वाचून दाखवताना मी शेवटच्या ओळीशी थांबले, तर ती त्यांनी पाठ म्हणून पुरी केली.

भाषेबद्दल थोडं. उतारे जुन्या वळणाच्या मराठीत आहेत, आणि त्यामुळेच आईंना ते तोंडपाठ असतात. भाचीला मात्र तीच भाषा जड वाटते. मनन आणि प्रार्थना आजच्या बोलीत आहेत, तिथे दोघींना अडत नाही. अक्षर मोठं आहे, चष्मा न शोधता ओट्यापासून हातभर अंतरावरून वाचता येतं. कागद जाड आहे, पण चकचकीत नसल्यामुळे हळदीचा हात लागला की डाग कायमचा बसतो. मी पुढे-मागे प्लॅस्टिकची फाइल कापून लावली आहे. तारेची शिवण अजून भक्कम आहे.

रूथच्या पानाने मला या वर्षी वेगळंच काही दिलं. सासू नामीबरोबर परक्या गावात आलेली रूथ जवाच्या कापणीच्या दिवसांत शेतात सरवा वेचायला जाते. शेताचा मालक बवाज तिला जेवायला बोलावतो, भाकरी आंबेत, म्हणजे शिरक्यात, बुडवून खा म्हणतो, हुरडा देतो. ती पोटभर खाते आणि उरलेला सासूसाठी घरी नेते. वहीत ज्वारीच्या हुरड्याची पाककृती होती, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. इंदूरला मार्चमध्ये ज्वारीचा हुरडा कुठे मिळणार? पण माळव्यात होळीला गव्हाच्या हिरव्या उंब्या भाजतात. शेजारच्या भाभींनी होळीत भाजलेली एक जुडी आणून दिली होती. मी उंब्या तळहातावर चोळल्या, फुंकरीने तूस उडवलं. दाणे गरम होते, धुराचा वास होता, आत अजून हिरवा ओलावा. आईंना दात नाहीत. म्हणून खलबत्त्यात अर्धेमुर्धे ठेचले, किंचित मीठ आणि गुळाचा खडा घातला आणि वाटीत घालून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि विचारलं, ‘तू खाल्लंस का पोटभर? ती आधी खाऊन मग आणते.’ इतक्या वर्षांत ती ओळ मी अशी वाचली नव्हती. मग मीही तिथेच खाली बसून खाल्लं.

कुणी घ्यावी विचाराल तर रोज स्वतः रांधणाऱ्याने घ्यावी, बाई असो की पुरुष. नव्याने खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींनाही पिठलं, थालीपीठ, मसूर, पेज ही पानं पुरेशी आहेत. ज्यांना नवनवे चमचमीत पदार्थ हवेत त्यांचं यात मन रमणार नाही, बावन्नांतले निम्मे पदार्थ आपल्याला येतच असतात. मांसाहाराची पानं चारच आहेत. समुद्रकिनाऱ्यावर येशूने निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारी दिली, त्या पानावर ताजे बोंबील आहेत. इंदूरला ते मिळायचे नाहीत, मी रोहूचे तुकडे घेतले, पाककृती तशीच ठेवली, छान झाले.

मी आणखी दोन प्रती मागवल्या आहेत. एक बऱ्हाणपूरच्या त्या मुलासाठी, तो आता पुण्याला नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी फोन करून पिठल्यात पाणी किती ते विचारतो. दुसरी आमच्या मंडळीतल्या एका नव्या सुनेसाठी. ती हिंदी बोलते पण मराठी वाचायला शिकते आहे, आणि स्वयंपाकघरातलं वाचन तिला सोपं जाईल असं मला वाटतं. दोन्ही प्रती आल्या की आधी एकोणिसाव्या पानावर लाल पेनने लिहीन, मग देईन.